उरलेली हवा

पहाटे साडेतीनला मी कॉम्प्रेसरची दोरी ओढते.
तो खोकतो, थुंकतो, मग लागतो कामाला.
हवा ओढणारी नळी बांबूवर उंच बांधली आहे,
तरी धूर चालत नाही, म्हणून शेजारच्या लुर्डेसने
सहाच्या आत चूल पेटवायची नाही, असं ठरलंय.
तिच्या पोरांची पेज उशिरा होते.
त्याचे तिला महिन्याला दोन किलो तांदूळ.

काटा दोनशेवर आला की सिलिंडर बाजूला. पुढचं.
आमच्या बेटावर विकण्यासारखं
आता हेच उरलंय: वर हवा, खाली शार्क.

पाचला पाहुणे येतात, रबरी कातडी कमरेपर्यंत चढवून,
ऑस्लोचा दातांचा डॉक्टर, पुसानच्या दोघी बहिणी,
तीन विमानं बदलून, एक शेपूट बघायला.
तलवारीएवढी लांब शेपूट. तीस मीटरवर
शार्क गोल गोल फिरतो, इवले मासे त्याचे गाल साफ करतात,
आणि माणसं गुडघ्यावर बसून बघतात म्हणे. मी नाही गेले कधी.

तीच शेपूट माझा बाप किलोवर विकायचा.
मेलेला मासा एकदाच विकला जातो,
जिवंत असला तर रोज.
हे गणित कळायला त्याला बारा वर्षं लागली,
आणि एक पाय.

तेव्हा टायरमध्ये हवा भरायचा पंप होता होडीत,
पिवळी नळी दातात धरून
तेओपिस्तो चाळीस मीटर खाली, शेवंड्यांच्या मागे.
इंजिन बंद पडलं. तो सरळ वर आला.
सरळच येणार ना माणूस?
मध्ये थांबायचं असतं, पाच मीटरवर, तीन मिनिटं,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
एवढंच. तीन मिनिटं.

आता तो उलांडीच्या होडीत नांगर सांभाळतो.
पाण्यावर बुडबुडे एका जागी फुटायला लागले
की ओठ हलवत मोजतो.
पुसानच्या बहिणींना वाटतं, म्हातारा प्रार्थना करतोय.
फोटो काढतात.
एकशे ऐंशीला तो कुणाकडेच न बघता म्हणतो,
'हं. या आता.'
आणि डोकी वर येतात, हसत, दोन पायांची.

ऑगस्टमध्ये वादळ झालं, तेव्हा सात आठवडे
एकही विमान आलं नाही. भरलेली सिलिंडरं
भिंतीला टेकून उभी, पाहुण्यांसारखीच.
बाप रोज पाण्याशी जाऊन बसायचा.
काय मोजत होता, विचारलं नाही मी.

शनिवारी एखादं सिलिंडर तपासणीला रिकामं करावं लागतं.
पन्नासेक उरलेलं असतं त्यात,
खाली जाऊन आलेली, कुणीच न घेतलेली हवा.
मी चावी सोडते. ती सुसाटते, बर्फासारखी गार.
बाप फळकुटावर बसून
तो पाय पुढे करतो.

'काही कळतंय?' मी विचारते.

'नाही,' तो म्हणतो. 'सोड अजून थोडी.'