ताण

डाकघर दोनला बंद होतं.
थैली शेंदूरजन्याकडे गेली की
टेबलावरचा तराजू बाजूला सारून
मी चार वह्या काढते.

पहिलीत बेबीनंदा पिठाची गिरणी चालवते.
एकशेबाराव्या पानावर पट्टा तुटलाय,
बाया डबे घेऊन उभ्या, पोळ्यापासून उभ्याच.
दुसरीत गोमाजी मापारी.
त्याच्या काट्यात किलोमागे वीस ग्रॅमचं पाप आहे
आणि ते कुठे लपवावं, मला ठरवता येत नाही.
तिसरी भुताची. म्हणजे भूत आहे,
गोष्ट नाही.
चौथीतला पोरगा घर सोडून मुलताईच्या गाडीत बसला,
त्याला मी दिवाळीपासून तिकीट दिलेलं नाही.

बेबीनंदा काही सांगू लागली की
गोमाजी दाराशी खाकरतो.
मी उठते. जाते.
त्याच्यावर जीव आहे म्हणून नाही, खरं सांगते:
पुढच्या पानावर तिचा भाऊ गिरणी मागायला येणार आहे
आणि ती काय म्हणेल, मला ठाऊक नाही.
नव्या वहीत असं पान नसतं.
नव्या वहीत सगळ्यांचे भाऊ चांगले असतात.

शालिकराम मुलीला रजिस्टर करायला आला,
वह्या पाहून म्हणाला, "एवढा हिशेब?"
"हिशेब नाही, गोष्टी. चारही अर्ध्या."
त्यानं पाकिटाला डिंक लावला, सावकाश,
आणि म्हणाला,
"आंबियाही धरता अन् मृगही धरता,
मंग झाड वाळन नाई त काय करन?"

पौषात त्याच्या बगिच्यात गेले.
महिनाभर पाणी तोडलेलं.
पानं आत वळलेली, फिक्की,
मुळांशी भेगा, बोट जाईल एवढ्या.
संत्र्याची झाडं नव्हे,
रांगेत उभी राहिलेली उपाशी माणसं.
माझाच घसा कोरडा पडला.
"मरतील ना हो?"
"मरत नाई बाई. भेव लागते त्याईले.
भेव लागलं का मंग फुलते."

त्या संध्याकाळी मी तीन वह्या थैलीत घातल्या,
तोंडाला सुतळी, सुतळीवर लाख,
लाखेवर शिक्का.
ट्रंकेत ढकलून दिल्या,
वर जुन्या पावत्या.

आठवडा गेला. बेबीनंदा बोलेना.
मी बसले, ती बसली,
मधे तुटका पट्टा.
रात्री ट्रंकेतून खाकरल्याचा आवाज यायचा,
किंवा उंदीर असेल.
बाराव्या दिवशी कळलं की पाणी
वह्यांचं नाही, माझं तोडलं होतं.
पळायला जागा उरली नव्हती
आणि भाऊ तर दारात येऊन उभा.
भीती वाटली. खरीच वाटली.
मी लिहिलं: भाऊ म्हणाला, गिरणी माझी.
ती पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया न उचलता म्हणाली,
"पट्टा आण आधी."

एवढंच. पण बायांचे डबे खाली टेकले,
आणि एकशेतेरावं पान आलं.

होळीनंतर लाख फोडली.
भूत वाळून गेलं होतं.
मला वाईट वाटायला हवं होतं,
त्याचं एक वाक्य बरं होतं.
पोरगा मुलताईच्या आधीच कुठेतरी उतरून गेला,
वहीत त्याची जागा रिकामी, अजून ऊबदार.
गोमाजी तेवढा टिकलाय,
जरा बारीक झालाय. पुढच्या वर्षी बघू.

म्हणजे शालिकरामचं खरं.
त्याला सांगायला गेले, तेव्हा मोटारीजवळ
एक झाड दिसलं, पाइपाच्या पाझरावर वाढलेलं.
एकाच फांदीवर कळी, हिरवं फळ, पिकलं फळ,
कशाचा कशाला पत्ता नाही.
खाली दोन पोरं, तोंडं वाकडी करत
आंबट फोडी चोखत होती.

"याला नाही दिला ताण?"
"पाइप गयते नं."
"मग दुरुस्त का नाही करत?"

शालिकरामनं झाडाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं नाही.
"वायसर नाई भेटत वरुडात," म्हणाला.
अकरा वर्षं झाली.