वजनकाटा

क्रशर बंद पडून सहा वर्षं झाली,
काटा मात्र अजून चालतो.
तुर्भ्याच्या खाणीत हा शेवटचा ढीग उरलाय,
काळ्या दगडाचं पीठ. गिऱ्हाईक नसलेलं.
खडी गेली, ग्रिट गेली,
नव्या शहराच्या पिलरांत जाऊन उभी राहिली.
भुकटी मागे राहिली. इथे,
आणि आप्पांच्या छातीत.

फेब्रुवारीत निलोफर मुकादम आल्या,
पायात गमबूट, हातात चाळण्या.
म्हणाल्या, हीच हवी. बारीक तेवढी बरी.
मला वाटलं, रंगाच्या कंपनीचं काम असेल.
तर म्हणे, ही हवेतला कार्बन धरून ठेवते.
पाऊस हवेतून उतरताना किंचित आंबट होतो,
दगडाला चाटतो,
आणि त्या चाटण्यात धुराचा एक अंश अडकून पडतो.
डोंगर हे करतातच, पारसिकही करतोय,
फक्त त्याला घाई नाही.

मी हिशोबाची बाई.
पन्नास किलोची गोण धरील दहा किलो,
तेही झालंच तर, आणि वर्षानुवर्षांनी.
माझी स्कूटर लिटरमागे सव्वादोन किलो सोडते.
म्हणजे अख्खी गोण झिजली
की माझं कोपरखैरणे ते तुर्भे, काही दिवसांचं जाणं-येणं फिटलं.
त्यातून वजा करा टेम्पोचं डिझेल,
शिळफाट्यावर दीड तास उभा, इंजिन चालू.
वजा करा चाळणीची मोटर.
आणि दगड फुटला तेव्हाचे सुरुंग, जनरेटर?
ते कुणाच्या खात्यात धरायचं
यावर बाईही गप्प.
उरतं. थोडं उरतं.
त्याला त्या निव्वळ म्हणतात.
आमच्यात निव्वळ म्हटलं की पुढे मूर्खपणा येतो.

शिळला जोमा मढवींनी दोन गुंठे दिले,
पण ऐकवून दिले:
"जल्मभर ही धूल आमचे भातावर परली,
तवा कोन आला नाय मोजाला."
मे महिन्यात आम्ही ती फावड्याने पसरली,
नाकावर फडकी बांधून.
आप्पा रिक्षेने आले, बांधावर बसले,
दोन वाक्यांमध्ये श्वास शोधत.
ज्या धुळीने त्यांना घरी बसवलं
तिची उस्तवार बघत होते.
मग म्हणाले,
"बाई, माझ्या छातीतली पण पिते काय हो हवा?"

निलोफरबाईंनी पेन्सिल वहीत ठेवली.
"नाही, आप्पा," त्या म्हणाल्या,
"तिथे ती नुसती बसते."
आप्पांनी मान हलवली,
मजुरी किती कापली हे कळल्यावर हलवायचे तशी.

शेताच्या कडेला चार नळ्या पुरल्यात.
दर महिन्याला त्यातलं पाणी बाटलीत घ्यायचं,
तारीख टाकायची. निकाल तीन वर्षांनी.
(आप्पांच्या डॉक्टरने
तीन वर्षांबद्दल काही सांगितलेलं नाही.)
झिरपलेलं देसाई खाडीत जाईल, तिथून समुद्रात.
मी म्हटलं, म्हणजे एखाद्या तिसरीच्या शिंपल्यात
माझ्या स्कूटरचा धूर पांढरा होऊन बसेल?
शिंपला झाला, त्या म्हणाल्या,
तर अर्धा परत सुटतो.
मी पुन्हा वजा केलं.

काल छत्तीस गोणी भरल्या.
पावतीवर मालाचं नाव लिहायचं असतं,
वीस वर्षं मी 'डस्ट' लिहीत आले,
कालही तेच लिहिलं.
ढीग हलला तशी खालची जुनी जमीन दिसली,
आणि तिच्यात रुतलेली एक सुतकी,
दांडा कुजलेला, लोखंड शाबूत,
कडेला आप्पांनी मारलेली तीन टिंबांची खूण.
हातात घेतली, चांगलीच जड.
सवयीने काट्यावर ठेवली.

ट्रकचा काटा तो.
वीस किलोखालचं त्याला कळत नाही.
खिडकीतून मी आकड्यांकडे बघत राहिले.
शून्य, शून्य, शून्य.
मागून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.