हजेरीपट

वाशीच्या दुकानदाराने झाकण न उघडताच सांगितलं,
ताई, भंगार आहे, साडेतीनशे देतो.
मी तो डबा पुन्हा चादरीत बांधला
आणि रिक्षाने कोपरखैरण्याला परत आणला.

अण्णांनी तो घेतला दोन हजार दहा साली,
फंडाच्या पैशातून,
दुकानापासून घरापर्यंत पाठीवर.
रिक्षात हादरे बसतात, म्हणाले.
कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं गोणी उचललेल्या माणसाला
हे वजन म्हणजे टोपी.

आता पाठीला पट्टा. कॉटवर बसून
बघतात मी काय काय काढते ते.
पंख्यातून निघाली राखाडी लोकर,
रंगाच्या जुन्या ब्रशने झाडली.
रॅमच्या पट्टीचे दात खोडरबराने घासले.
प्रोसेसरवर पेस्ट लावताना हात थांबला. किती?
"चुन्याएवढी," कॉटवरून उत्तर.
"जादा झाला की तोंड भाजतंय."

मग लिनक्स. सगळ्यात हलकं मिळालं ते.
ना काचेच्या खिडक्या, ना तरंगत्या सावल्या,
खाली एक पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, बाकी मोकळं.
सुरू झालं, पण धापा टाकत.
अण्णांची तंबाखू मळून, थापटून, दाढेत जाऊन
पहिली पिंक पडायची
तेव्हा कुठे पासवर्ड विचारायचं.

टर्मिनलमध्ये यादी उघडली:
कोण चालू आहे, कोण किती खातंय.
अण्णा चष्मा लावून जवळ आले.
"ह्यो तर हजेरीपट."

"ह्यो कोण?"
ब्लूटूथ. शोधतोय.
"काय?"
जे ह्या मशीनमध्ये नाहीच, अण्णा.
"म्हंजी हजेरी लावून झोपतोय. आन् ह्यो?"
प्रिंटरवाला.
"आपल्याकडं हाय प्रिंटर?"
नाही.
"ह्यो?"
घड्याळ जुळवणारा.
"ऱ्हाऊ दे. टायमावर येणारा एकतरी पायजे टोळीत."

एक अडकलेला होता, निम्मी रॅम दाबून.
म्हटलं, मारते ह्याला.
ते गप्प झाले.
मग म्हणाले, आधी सांगून बघ.
सांगायची सोय असते. पंधरा नंबरचा निरोप:
बाबा, आवर, सामान उचल, नीघ.
नऊ नंबर हा निरोप नसतो.
नऊ म्हणजे दिवाच घालवणं.
मी पंधरा पाठवला. तो गेला, आवरून.

"दाजी घाडग्याला कुणी पंधरा धाडला न्हवता," अण्णा म्हणाले.
"सकाळी आला तर टोळीत नावच न्हाई.
हूक गोदामातच टांगलेला ऱ्हायला."
मला दाजी घाडगे आठवत नाहीत.
त्यांच्या मुलीचा निळा फ्रॉक आठवतो.
गावी जाताना तो त्यांनी मला दिला होता.

उरला स्वॅपचा आकडा. साठ होता.
कसं सांगू?
पाठ भरायच्या आधीच गोण्या खाली ठेवत जायच्या,
लागल्या की परत उचलायच्या.
"येडं हाय का? उचलण्या-ठेवण्यातच दिस मावळंल.
एकदा घेतली की गाडीपतूर न्यायची.
आगदीच पाठ मोडाय लागली तर टेकव."
मी साठाचे दहा केले.

रात्री सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करायला बसले,
पानाला चाळीस रुपये.
विषय क्रमांक तीन: इमारती मोडकळीस आल्याबाबत.
बटण दाबलं.
पासवर्डची चौकट आली तेव्हा
तंबाखू अजून तळहातावर होती,
चुना लागायचा होता.
अण्णांनी हात तसाच धरून ठेवला, पडद्याकडे बघत.

ब्राउझरमध्ये तिसरं पान उघडलं की मात्र अजून गुदमरतं.
"मग दोनच उघड," ते म्हणतात.
"दोनावर तिसरी गोणी मीबी कधी घेतली न्हाई."
खोटं.
आईने सांगितलंय, घेतली होती, पैजेवर,
नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी,
अडीच रुपयांसाठी.
मी तिसरं पान बंद करते.