शिवण

मोताहारच्या मशीनवर अजून खाकी दोरा आहे.
मालक म्हणाले, काढ,
नवा पोरगा बसवायचाय, बाराशे नग द्यायचेत.
मी हो म्हटलं. मशीन पुसली, तेल घातलं.
दोरा तसाच ठेवला.

सहा वर्षं तो खांदापट्ट्या लावायचा.
कुणाच्या खांद्यावर जातात ते आम्ही विचारत नाही.
शाळेच्या चड्ड्या, दवाखान्याचे कोट,
पहारेकऱ्यांचे शर्ट, सगळं नगावर.
त्याची शिवण अशी
की उसवायला बसलात तर कापड फाटेल,
टाका सुटायचा नाही.

त्या दिवशी पाणी आलेलं.
(आमच्याकडे चार दिवसांआड येतं,
म्हणून वार लक्षात राहतो. बुधवार.)
नीलम नगरच्या बोळात मी पिंप भरत होते,
तो माझी कळशी ओट्यावर ठेवत होता,
तेव्हा जीप आली.
पडताळणी, म्हणाले.
शब्द ओळखीचा. कारखान्यात रोज होते :
दोरा लोंबतोय का, काजाला बटण जुळतंय का,
आणि नग परत गठ्ठ्यात येतो.
तो चप्पल न घालताच गेला.
येतोच, म्हणाला.

ठाण्यात मी त्याचं हजेरीचं कार्ड नेलं,
खोलीभाड्याच्या पावत्या नेल्या,
खानावळीची वही नेली, तेलाच्या डागांसकट.
साहेब म्हणाले, बाई, हे कागद नाहीत.

त्याचं गाव कालियाचकच्या पुढं, गंगेकाठी.
नदीनं आधी बांध नेला, मग शाळा,
मग त्याचं घर, घरातली पत्र्याची पेटी,
पेटीत आजोबांच्या नावाचा उतारा,
की तिकडं त्याला जे काय म्हणत असतील ते.
नदीकडं पोच मागायची राहून गेली.

कोपऱ्यात एक दुभाषी बसवला होता.
तो म्हणाला, हे लोक जल म्हणत नाहीत,
पानी म्हणतात. त्यावरून कळतं.
साहेब, मी म्हटलं, आपण काय म्हणतो?
टेबलावर बाटली होती.
बराच वेळ कुणालाच तहान लागली नाही.

घरी मी नीळ्ळु म्हणते. नळावर पाणी.
माझा आजा करीमनगरकडून चालत आला,
बगलेत धोटा, फडक्यात भाकरी.
नळदुर्गच्या अलीकडं निजामाचा करोडगिरी नाका.
शिपायानं धोटा उलटासुलटा करून विचारलं, हे काय?
आज्याला त्याची भाषा येईना.
त्यानं हातानं दाखवलं :
इकडून तिकडं. तिकडून इकडं.
शिपाई हसला. जा, म्हणाला.
त्या हसण्यावर आमच्या तीन पिढ्या
सोलापूरकर झाल्या.
त्या हसण्याचा कागद माझ्याकडंही नाही.

चौथीत असताना मला वाटायचं,
गावाची शीव आणि कापडाची शिवण
एकाच घरातल्या बहिणी.
बाई म्हणाल्या, नाही गं, वेगळे शब्द आहेत ते.
असतील.

अकरा दिवसांनी फोन आला, परक्या नंबरावरून.
रात्री उतरवलं, म्हणाला.
पुढं चाला, मागं बघायचं नाही.
पुढं ताग उभा, माणसाहून उंच, पायात चिखल.
पलीकडच्यांनी विचारलं, तू कुठला?
सोलापूर, म्हणालो.
ते आपसात बघायला लागले.

मग आवाज खाली आणून :
अक्का, ज्यानं ढकललं ना,
बॅटरीच्या उजेडात त्याची खांदापट्टी दिसली.
कच्ची शिवण होती. आपल्याकडची नाही.
खरंच बघितली होती
की मला रात्री झोप लागावी म्हणून म्हणाला,
मी विचारलं नाही.

पंधरवड्याचा पगार रेहेनाला पाठव, म्हणाला.
चपला मालकाच्या पोराला दे, त्याला होतील.
मी म्हटलं, राहू देत त्या दारात.
थोडा वेळ नुसती खरखर.
मला वाटलं, कटला.

आज पाणी आलं का?
उद्या येईल, मी म्हटलं.
मग पिंप आजच धुऊन ठेव, म्हणाला,
तळाला गाळ बसलाय.