दुसरं कडवं

राइनने दोन्ही जोड्या घरी पाठवल्या.
म्हणाला, आठवडाभर ऐका, मग ठरवा;
दुकानात सगळेच स्पीकर गुणी वाटतात,
पाहुण्यांसमोर मुलं वाटतात तसे.

एक जोडी कमरेएवढी, स्वतःच्या पायांवर उभी.
दुसरी पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी,
तेही नावापुरतं. फळीवर ठेवली तर आवाज कोंडतो,
म्हणून तिला स्टँड हवा, आणि स्टँडला
मोठीला लागते नेमकी तेवढीच फरशी.
एन्डेलने टेप लावून मोजलं. दोनदा.
"मग हिला लहान का म्हणायचं?"
मी म्हटलं, माझ्या बहिणीसारखी आहे,
खाते कमी, जागा तेवढीच अडवते.

टालिनच्या या टोकाला सगळ्या इमारती नऊ मजली,
काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या.
शेजारचा शिंकला की आपण रुमाल शोधावा.
अशा खोलीत आम्ही लावली
पाइदेच्या चर्चमधली ती कॅसेट:
फेब्रुवारी, त्र्याऐंशी साल,
एक्केचाळीस गळे, अंगावर कोट तसेच,
आणि रेडिओवाल्याने सज्जाच्या कठड्याला टांगलेले
दोन माइक.

मोठी जोडी बोलली, तेव्हा
खर्ज जमिनीतून आला,
टाचांतून पोटऱ्यांत चढला,
कपाटातल्या बशा किणकिणल्या.
"हा मी!" एन्डेल उठून उभाच राहिला.
"मारेत, ऐक, हा मी!"
खरं तर ते सहा जण होते,
आणि खोलीचा कोपरा सातवा.
कोपऱ्यात खर्ज साचतो,
कढईच्या बुडाला रवा धरतो तसा.
जोडी दोन वीत पुढे ओढली, खर्ज मोकळा झाला,
बाल्कनीचं दार मात्र उघडेना.

मग लहान जोडी.
तळाशी काही उणं होतं, कबूल.
पण मधली जागा विंचरल्यासारखी सुटी झाली.
हेल्वीचा कडव्याआधीचा श्वास,
लाइनेची 'स'वरची शिट्टी,
मागच्या बाकावर कुणीतरी खोकला दाबलेला,
आणि आम्ही आल्टो, डावीकडून जरा आत,
पाच जणी, बोटांवर मोजता येतील अशा.

दुसऱ्या कडव्यात चार.

त्या दिवशी मी शब्द विसरले होते.
ओठ तेवढे हलवले, सबंध कडवंभर.
पुढे चाळीस वर्षं स्वयंपाकघरातल्या
एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर
ते कडवं आलं की एन्डेल बोट वर करायचा:
"ही तू. कोमट दुधासारखी."
पहिल्यांदा सांगायला लाज वाटली,
नंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही,
आणि कोमट दूध मला आवडायला लागलं.

म्हणून गुरुवारी मी मोठ्या जोडीची वकिली केली.
खर्जात जीव असतो, म्हटलं,
बाल्कनीत काय, कांदेच तर आहेत.
त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"तू? आठवडाभर बशांच्या नावाने रडणारी?"
मी म्हटलं, तुझा आवाज तिच्यात छान येतो.
तो बराच वेळ टेप गुंडाळत बसला.
"खोली लहान आहे," शेवटी म्हणाला,
"आणि माझा आवाज मला पाठ आहे."

शनिवारी राइनचा पोरगा मोठी जोडी घेऊन गेला.
गालिच्यावर आठ टोचे राहिले,
अजून भरून आले नाहीत.

रविवारी दुपारी कॅसेट लागते.
पहिल्या कडव्याला एन्डेल डोळे मिटून बसतो,
गुडघ्यावर ताल धरतो, जरासा उशिरा,
तेव्हाही उशिराच धरायचा.
दुसरं कडवं येतंय असं दिसलं की उठतो,
"बटाटे बघून येतो," म्हणतो,
आणि स्वयंपाकघराचं दार मागे ओढून घेतो.

तिसऱ्याला परत येऊन बसतो.
परवा चुलीवर काहीच नव्हतं.