तंबाखूची डबी

दक्षिणेचा वारा तीन दिवस हलला नव्हता.
व्हॉल्से बेटापासून चाळीस मैलांवर
आम्ही मॅकरेल ओढत होतो,
तेव्हा तो डेकच्या दिव्यावर आदळला.
वाटलं, चुकलेलं पाखरू.
मॅग्नीनं हातमोज्यात उचलला: पतंग.
जुन्या होडीच्या फळ्यांसारखा राखाडी,
पण पंख जरा सरकले की पोटावर गुलाबी पट्टे,
नुकत्या चिरलेल्या सामनसारखे.
"फेक पाण्यात," मॅग्नी म्हणाला.

खिशात बापाची तंबाखूची डबी होती.
बारा वर्षं रिकामी,
तरी उघडली की बाप येतो.
तीत ठेवला.

ऑस्ला, माझी बहीण, शाळेत स्वयंपाक करते,
संध्याकाळी लोकर विणते, आणि नको तितकं वाचते.
"आफ्रिकेतला असेल," म्हणाली,
"रताळ्याच्या वेलावर वाढलेला, नाहीतर हरणखुरीच्या.
मग मातीत कोष.
कोषाला कपासारखा कान असतो, रॅस्मी,
त्या कानात जीभ."
सगळ्यात बारीक सुई घेतली,
जिभेच्या वेटोळ्यात अलगद घातली
आणि उलगडत गेली,
उलगडत गेली,
अंगापेक्षा लांब.
बाटलीच्या झाकणात साखरपाणी.
"रात्री पितो. हवेत थांबून.
तंबाखूचं पांढरं फूल याला फार आवडतं,
इतक्या खोल नळीत दुसऱ्या कुणाची जीभ पोचत नाही."
मी डबीकडे पाहिलं.
बोललो नाही.

आमच्या बेटावर झाड म्हणावं असं झाड नाही.
इथं येऊन त्याचं काही व्हायचं नव्हतं.

दहा वाजता दगडी कुंपणावर ठेवला.
पंख थरथरायला लागले,
आधी खिशातल्या फोनसारखे,
मग गारठलेल्या इंजिनासारखे.
"मोटार तापवतोय," मी म्हणालो.
किती वेळ तापवत होता.
ऑस्लानं माझा दंड धरला;
बापाला पुरल्यापासून धरला नव्हता.

आणि उडाला.
उत्तरेला.
"अरे गाढवा, दक्षिण तिकडे!"
मी ओरडलो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस,
समोर गर्झीच्या खिडकीचा पडदा हलला.
उत्तरेला फेरो बेटं, कदाचित.
त्यापुढं बर्फ.
"वाऱ्याबरोबर आला, वाऱ्याबरोबर गेला," ऑस्ला म्हणाली
आणि लगेच, "नाही, हे उगाच बोलले मी.
मला माहीत नाही का गेला."

डबीच्या कोपऱ्यात राखाडी भुकटी उरली आहे.
पुसली नाही.
बाप आता जरा कमी येतो.

ऑस्लानं त्या फुलांचं बी मागवलंय, टपालानं.
"जगणार नाही इथं," मी म्हणालो.
"जगेल असं कोण म्हणतंय?"
वारा अडवायला
माशांचे दोन क्रेट
घासून ठेवलेत मी.