भवानी

हेरंबने मोबाइलवर घड्याळ लावलं आणि म्हणाला,
काकी, पयल्या तीस सेकंदात माणूस ठरवता
आयकूचा की चाय पिऊची.
मी म्हटलं, तीस? खूप झाली की रे.
बाजारात बाई तोंड उघडायच्या आधी
बोटाने सुरमईचे कल्ले उचलते,
लाल असतील तर थांबते, नसतील तर पुढे.
मासा तेवढ्यात काय बोलणार?

तरी शिकले.
आधी आरशासमोर, मग आरशाची लाज वाटली म्हणून मांजरासमोर.
नमस्कार, मी शेवंती मोतीराम कुबल, कोळंब, तालुका मालवण.
बचत गट म्हणताना हात पोटावर बांधायचे नाहीत,
सगळ्यांकडे बघायचं, एकाकडेच नाही,
आणि काही झालं तरी
माफी मागून सुरुवात करायची नाही.
हे शेवटचं त्याने वहीत दोनदा अधोरेखित केलं.

साडी कुठली, यावर गटातल्या अकराजणींची अकरा मतं.
मंजिरीची मोतिया रंगाची ठरली, इस्त्रीसकट.
आदल्या रात्री हातांना लिंबू घासलं, मग मीठ, मग चुलीतली राख,
मग माझाच मला राग आला.
कालवांच्या कर्जासाठी चाललेय,
अत्तराच्या नाही.

पहाटेची एसटी, कसालला बदलून ओरोस.
मांडीवर डबा, डब्यात ओल्या फडक्यात
एकच कालव, मुठीएवढं, घट्ट मिटलेलं,
शंभरातून निवडलेलं.

हॉलमध्ये एसी. माझ्या आधी
काजूबोंडांचा रस विकणारा एकजण कोट घालून आला,
पडद्यावर त्याचे बाण इकडून तिकडे पळाले,
टाळ्या पडल्या.
मग माझं नाव. माईक माझ्या कपाळाच्या उंचीला.
आणि तोंडातून पहिलं काय निघालं?
"साहेब, माफ करा, दोनच मिनिटं घेते तुमची."
शेवटच्या रांगेत हेरंबने डोळे मिटले.

भवानी गेली म्हणतात ती अशी.
बाजारात पहिलं गिऱ्हाईक हात हलवत परतलं
तर मी टोपलीवर पाणी शिंपडते,
मासे उलटून मांडते,
सकाळ पुन्हा सुरू करते.
इथे काय उलटणार?
टेबलावरचा पेला घेतला, अर्धा प्यायले,
उरलेल्यात बोटं बुडवून
चार थेंब गालिच्यावर सोडले.

मग कोयती काढली. शिपाई अर्धा उठला.
सगळ्यांसमोर कालव फोडलं.
आत पांढरा, भरलेला गर दाखवायचा होता.
आत चिखल.
काळा, मऊ, खाडीच्या तळाचा,
शिंपल्याच्या आकारात अगदी नीट बसलेला.

कोटवाला हसला.
मी म्हटलं, आणि हे वहीत नव्हतं,
"दहातली चार अशीच निघतात.
वरच्या अंगाला भराव पडला, तळ चढत गेला.
मेलेलं कालव एरवी उघडतं, साहेब,
पण चिखल भरला की मिटलेलंच राहतं.
जिवंतापेक्षा जड लागतं हाताला, आणि देखणं दिसतं.
मीसुद्धा फसले, बघा, तीस वर्षं काढून.
म्हणून ती तळावरून उचलून तराफ्यांना टांगायची आहेत.
बांबू, दोर, अकरा बायका.
रक्कम सातव्या पानावर."

किती सेकंद झाली, ठाऊक नाही.
बँकेच्या गोठोस्कर साहेबांनी शिंपला हातात घेतला,
वजन केल्यासारखा वरखाली केला,
चिखलात बोट घातलं,
"बघू," म्हणाले.
मी जागेवर जाऊन बसले तेव्हा,
कोणी बघत नाही असं वाटून,
त्यांनी ते बोट नाकाशी नेलं.

परतीच्या गाडीत हेरंब हिशेब करत होता,
कुठे चुकलं, कुठे सावरलं.
मी खिडकीला डोकं टेकलं. मंजिरीच्या साडीवर
काळा डाग पडला होता, रुपयाएवढा.

"बघू" म्हणणारं गिऱ्हाईक मला माहीत आहे.
सगळा बाजार फिरतं, भेंडी घेतं, नारळ हलवून बघतं.
दहातलं एखादं परततं,
तेही टोपली झाकायच्या वेळी,
आणि भाव पुन्हा पहिल्यापासून विचारतं.

तोवर वाटा मोडायचा नसतो.